पंचांग, ड्यूटी आणि डर्बी

(पनवेल येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पनवेलमध्ये तेलाबद्दल बोलायचं म्हणजे तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरचंच बोलायचं. ओएनजीसीची कॉलनी इथे, सप्लाय बेस न्हाव्याला, प्लांट उरणला. १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगला, म्हणजे समुद्रात विहीर खणणाऱ्या जहाजाला, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर समुद्रात तेल लागलं, १९७६ मध्ये ते निघू लागलं, हे तुम्हाला पाठ आहे. तेव्हा तेल बाजूला ठेवतो आणि रिगवरच्या माझ्या एका सीनियरबद्दल बोलतो. नाव सांगत नाही. रेसला जाणारा माणूस म्हटलं की आपल्याकडे लोक आधी त्याच्या बायकोची कीव करतात, आणि वहिनींना ते अजिबात खपत नाही.

हे दादा ड्रिलर होते. विहीर खणताना पाइपातून मड, म्हणजे जड चिखलासारखं द्रावण, सोडतात. ते बिट, म्हणजे दगड कापणारं टोक, थंड ठेवतं, कापलेला दगड वर आणतं आणि खालच्या गॅसला दाबून धरतं. आत गेलं त्याहून जास्त मड परत येऊ लागलं, की समजायचं खालून काहीतरी ढकलतंय. ही किक. मग बीओपी, म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा मोठा व्हॉल्व्ह, बंद करायला फार वेळ नसतो. आकडे सगळे समोर दिसत असतात, पण काटा हलायच्या आधीच पंपाच्या आवाजावरून दादांची मान वर झालेली असायची.

हाच कान घेऊन ते महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांचा सराव बघायला जायचे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. बारा तासांच्या शिफ्टने झोपेचं असं काही करून ठेवलं होतं की सुट्टीतही पहाटे साडेतीनला डोळे टक्क उघडे. मग पहिली लोकल, कुर्ला, दादर, गाड्या बदलत उजाडायला रेलिंगपाशी. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, फक्त नाकाने. आणि चौखूर धावताना एका झेपेला एकच श्वास. दादा डोळे मिटून ते ऐकत. लय जरा चुकली की घोडा पुढे गेल्यावर सईसाला, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याला, विचारणार, चंदी संपवली का, पाय गरम लागतोय का. सईस आणि सरावाला घोडे पळवणारे रायडिंग बॉय, एवढीच त्यांची तिथली मित्रमंडळी. मालकांच्या बाजूला ते कधी फिरकले नाहीत. माझ्या मते तिकडे फक्त टोप्या बघण्यासारख्या असतात.

पैसे लावायचे का? लावायचे की! वहिनी मोजून देतील तेवढे.

वहिनींचं मात्र नीट सांगायला हवं. २००५ चा २६ जुलैचा पाऊस आठवतोय ना? दुसऱ्या दिवशी, २७ ला, मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर जहाज आदळलं, रायझर, म्हणजे समुद्रतळातून वर येणारा तेल-गॅसचा पाइप, फुटला, आग लागली. २२ माणसं गेली. दादा वेगळ्या रिगवर होते, पण ते घरी कोणाला ठाऊक? वीज नाही, फोन लागत नाहीत, रस्त्यांत पाणी. वहिनींनी मुलींना काही कळू दिलं नाही. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. निरोप ऐकला आणि उरलेल्या पोळ्याही लाटल्या.

पावसाळ्यात घोडे पुण्याला असतात, आणि दादाही एरवी एखादी फेरी मारायचे. त्या वर्षी गेले नाहीत. सगळी सुट्टी मुलींना शाळेत सोडणं आणि आणणं. मुली मोठ्या होत्या, त्यांना लाज वाटायची. तरी हे आपले फाटकापाशी उभे.

थोरलीच्या लग्नाची बैठक ठरली तेव्हा मी होतो. भटजींनी पंचांग उघडलं, दादांनी ड्यूटीचं वेळापत्रक. दोन्हीत बसणारा मुहूर्त निघाला तो फेब्रुवारीचा पहिला रविवार. दादा गप्प. वहिनींनी सरळ मुलाकडच्यांना सांगितलं, "त्या दिवशी महालक्ष्मीला डर्बीची मोठी रेस असते. आमच्याकडे त्या दिवशी कार्य करत नाहीत." बैठकीत शांतता. मग मुलाचे आजोबा खाकरले आणि म्हणाले, "आमच्याकडेही करत नाहीत."