छोटा गोल, मोठा गोल: अँटिबायोटिक सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट कसा वाचायचा

पेशंटच्या जंतूवर कुठलं अँटिबायोटिक चालेल हे बघायची ही प्लेट, जरा नीट बघा. फिकट पिवळं अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, त्यावर बॅक्टेरियाचा पांढुरका थर, आणि कागदाच्या बारक्या डिस्क ठेवल्यात त्यांच्याभोवती स्वच्छ गोल पडलेत. लघवीतून वाढलेला ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया आहे हा. काल टेक्निशियनने तो सलाइनमध्ये कालवला, गढूळपणा ०.५ मॅकफारलंड या ठरलेल्या मापाला जुळवला, स्वॅबने प्लेटभर तीन दिशांनी पसरवला आणि वर अँटिबायोटिकच्या डिस्क चिमट्याने दाबून बसवल्या. मग १६ ते १८ तास ३५ डिग्रीला इन्क्युबेटरमध्ये. डिस्कमधलं औषध अगारमध्ये हळूहळू पसरत जातं आणि जिथपर्यंत ते पुरेसं असतं तिथपर्यंत बॅक्टेरिया वाढत नाही, बस एवढंच. या पद्धतीला कर्बी-बावर म्हणतात, १९६६ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टरांनी ती पक्की बसवून दिली आणि आजही आपल्याकडच्या असंख्य लॅबमध्ये रोज तीच चालते.

आता गोल मोजूया. प्लेट उलटी धरायची, मागे काळं काही ठेवायचं आणि डिस्क धरून पूर्ण व्यास घ्यायचा. सिप्रोफ्लॉक्सासिनचा गोल २४ मिलिमीटर आला, नायट्रोफ्युरँटॉइनचा १८. कुणालाही विचारा कुठलं औषध भारी, तो सिप्रोकडे बोट दाखवेल. पण रिपोर्टवर सिप्रोसमोर आय आलाय, म्हणजे इंटरमीडिएट, आणि नायट्रोफ्युरँटॉइनसमोर एस, म्हणजे चालेल!

कारण प्रत्येक औषधाची पट्टी वेगळी आहे. सीएलएसआय ही अमेरिकेतली संस्था हे कटऑफ ठरवते, तिच्या तक्त्यात ई. कोलायसाठी सिप्रोला २६ किंवा जास्त हवेत तर एस, २१ किंवा कमी असेल तर आर, म्हणजे रेझिस्टंट, औषध चालणार नाही, मधलं सगळं आय. नायट्रोफ्युरँटॉइनला मात्र १७ पुरतात. एक तर डिस्कमध्ये औषधच कमीजास्त असतं, सिप्रोच्या डिस्कमध्ये ५ मायक्रोग्रॅम आणि नायट्रोफ्युरँटॉइनच्या डिस्कमध्ये ३००, वर प्रत्येक औषध अगारमध्ये आपापल्या वेगाने पसरतं, आणि शेवटी ते माणसाच्या शरीरात किती पोचतं हेही त्या कटऑफमध्ये धरलेलं असतं. म्हणून दोन औषधांचे गोल एकमेकांशी लावून बघण्यात काही अर्थ नाही.

मोठ्या लॅबमध्ये मशीन असतं, तिथून गोलाऐवजी एमआयसी येतो. म्हणजे बॅक्टेरियाची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं सगळ्यात कमी प्रमाण, मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. आणि खरा घोळ इथेच होतो, कारण पेशंटचे नातेवाईक रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकतात आणि कुणीतरी सांगतं की सगळ्यात छोटा आकडा ज्याचा तेच औषध घ्या. सिप्रोचा एमआयसी ०.५ आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा १६ असेल तरी आत्ताच्या तक्त्याप्रमाणे ०.५ वाला आय आहे आणि १६ वाला एस, कारण सिप्रोला ०.२५ पर्यंतच एस मिळतो आणि नायट्रोफ्युरँटॉइनला ३२ पर्यंत. आणखी एक गोष्ट, हाच ०.५ २०१८ च्या तक्त्यात एस होता. २०१९ मध्ये कटऑफ खाली आणला. तक्ता दरवर्षी नवा येतो, त्यामुळे जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून बॅक्टेरिया बिघडला असं लगेच म्हणू नका, लॅब कुठल्या वर्षाचा तक्ता वापरते ते आधी विचारा.

इन्फेक्शन नेमकं कुठे आहे, हे प्लेटला माहीत नसतं. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं पण रक्तात आणि किडनीच्या आत पुरेसं पोचत नाही, म्हणून साध्या जळजळीला ते छान आहे, पण थंडी वाजून ताप आणि पाठीत कळ असेल तर एस असूनही ते कामाचं नाही. टायफॉइडचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. टायफॉइडचा जंतू म्हणजे साल्मोनेला, त्याच्या प्लेटवर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा गोल सुंदर येतो, पण हा जंतू आपल्या पेशींच्या आत लपून राहतो आणि तिथे जेंटामायसिन नीट शिरतच नाही. म्हणून साल्मोनेलासाठी जेंटामायसिन एस असं लिहायचंच नाही, असा लॅबला नियम आहे.

ही दुसरी प्लेट, गळवाच्या पुवातून आलेला स्टॅफिलोकोकस हा बॅक्टेरिया. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या डिस्क मुद्दाम जवळजवळ ठेवल्यात. क्लिंडामायसिनचा गोल मोठा आहे, पण एरिथ्रोमायसिनकडची बाजू बघा, चपटी झालीये, इंग्रजी डी सारखी. एरिथ्रोमायसिन जवळ असलं की या जंतूचा लपलेला रेझिस्टन्स जागा होतो. नुसती क्लिंडामायसिनची डिस्क ठेवली असती तर रिपोर्ट एस गेला असता आणि उपचार चालू असताना औषध फेल होण्याची भीती होती. डी दिसला की क्लिंडामायसिन आर लिहितात. हे बघायला वेगळं मशीन लागत नाही, दोन डिस्क योग्य अंतरावर आणि बघणाऱ्याची नजर. अशी नजर असलेल्या टेक्निशियनचं नाव रिपोर्टवर कुणी वाचत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

उलट कोलिस्टिन या अँटिबायोटिकला डिस्क लावूच नये. त्याचा रेणू मोठा, अगारमध्ये धड पसरत नाही, गोलावर भरवसा ठेवता येत नाही. आणि सीएलएसआयने २०२० पासून त्याचा एस हा गटच काढून टाकलाय, फक्त आय आणि आर राहिलेत. आयसीयूमध्ये जेव्हा बाकी सगळ्या औषधांसमोर आर आर आर असतं तेव्हा हेच औषध उरतं, म्हणून त्याची टेस्ट चुकीच्या पद्धतीने होऊन चालणार नाही.

आणि रिपोर्टवर एसची रांग आहे म्हणजे औषध घ्यायलाच हवं असंही नाही हं. लघवीत जंतू सापडला पण जळजळ नाही, ताप नाही, काहीच त्रास नाही, तर बहुतेक लोकांना अँटिबायोटिक लागत नाही. गरोदर बाई किंवा लघवीच्या मार्गाचं काही ऑपरेशन व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर देतात.

आता लोकांची नेहमीची तक्रार, की एवढे पैसे घेतले आणि रिपोर्टवर पाचसहाच औषधं? मेरोपेनेमसारखं मोठं औषध का नाही लिहिलं? बऱ्याच लॅब हे जाणूनबुजून करतात. साध्या औषधांनी काम होतंय असं दिसलं की मोठ्या औषधांचे निकाल छापत नाहीत, म्हणजे ती उगीच लिहून दिली जाणार नाहीत. टेस्ट बरेचदा केलेली असते, आकडा लॅबच्या रजिस्टरमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये असतो, आणि पेशंटला गरज पडलीच तर डॉक्टर लॅबला एक फोन करून तो मागवून घेऊ शकतात.