जंतूंच्या शेवया

श्रोतेहो, नमस्कार. लक्ष्मी रोडवरच्या सराफांकडं हल्ली प्लॅटिनमच्या अंगठ्या दिसतात. मला विचाराल तर सोन्याशेजारी त्या स्टीलच्याच वाटतात. पण याच धातूचं औषध कॅन्सरच्या रुग्णांना शिरेतून देतात. नाव सिसप्लॅटिन. त्याची गोष्ट मला फार आवडते, तीच आधी सांगतो.

अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग होते, मूळचे भौतिकशास्त्राचे. लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की रेषा उमटतात ना? दुभंगणाऱ्या पेशीचं चित्र त्यांना तसंच दिसलं. मग विजेनं हे दुभंगणं बदलतं का, बघू म्हणाले. ई. कोलाय जंतूंच्या द्रावणात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवल्या. प्लॅटिनमच का? तर ते कशात लुडबुड करत नाही, ही खात्री! करंट सोडला, आणि जंतू दुभंगायचे थांबले. मेले नाहीत हं, वाढतच राहिले. काही तर नेहमीच्या तीनशेपट लांब. सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या शेवया!

आपल्याकडं प्रयोगवहीत निष्कर्ष आधी लिहितात, प्रयोग मागाहून. 'विजेचा परिणाम' लिहून सगळे मोकळे झाले असते. यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. वीज निर्दोष निघाली. लुडबुड न करणारं प्लॅटिनमच विरघळून द्रावणातल्या अमोनिया नि क्लोराइडशी जुळलं होतं. हे १९६५ साली छापून आलं. आणि अशा जुळणीतून होणारं सिसप्लॅटिन हे रसायन तर १८४५ पासून माहीत होतं! जंतूंचं दुभंगणं थांबतं, तर कॅन्सरच्या पेशींचंही थांबेल, असा विचार पुढं आला. औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली १९७८ मध्ये.

आता ते करतं काय? रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून औषधाचे दोन क्लोरीन जागेवर राहतात. पेशीत ते कमी, तिथं क्लोरीन सुटतात. मोकळ्या झालेल्या दोन हातांनी प्लॅटिनम डीएनएमधले, बहुधा शेजारशेजारचे, ग्वानिन नावाचे दोन घटक धरतं. माळेतले दोन मणी आवळले की माळ वाकते, तसं. पुन्हा सांगतो: दोन हात, शेजारचे दोन मणी, माळ वाकडी. तिची नक्कल अडते, दुरुस्ती जमली नाही तर पेशी मरते.

निरोगी पेशीही यात सापडतात, मूत्रपिंडांना तर फार जपावं लागतं. माझ्या मावशीला हे औषध चालू होतं. "औषध एवढंसं, मग या सलाइनच्या बाटल्या कशाला?" तिनं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "मूत्रपिंडं सांभाळायला, आजी." मावशी थोडा वेळ टपटपणाऱ्या थेंबांकडं बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "एवढं प्लॅटिनम गेलंय अंगात, सराफ मोड घेईल का रे?"