पडद्यावरचं मरण आणि शेजारची खुर्ची

[दृश्य : टॉकीजचा अंधार. पडद्यावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र.]

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर एक कागद येतो. सह्या, शिक्का, चित्रपटाचं नाव, भाषा. सोलापुरातल्या कुठल्याही टॉकीजमध्ये बघा, हा कागद दिसत असतो तेव्हा अर्धं पब्लिक मोबाईलच्या उजेडात आपली खुर्ची शोधत असतं. त्यामुळे त्या कागदावरचा आकडा फारसा कुणी वाचत नाही. ७, १३ किंवा १६.

हा आकडा तसा नवाच. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात आधी दोनच मोठे कप्पे होते. सगळ्यांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. १९८३ साली मधला ‘यूए’ आला : बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या सल्ल्यानं पाहावा असा. २०२३ च्या दुरुस्तीनं त्या ‘यूए’चे तीन भाग पाडले.

आता गंमत बघा. चित्रपट ‘ए’ असेल तर अठरा वर्षांखालच्या मुलाला आत सोडायचं नाही. पण ‘यूए १६+’ असेल आणि तेरा वर्षांचा पोरगा तिकीट घेऊन दारात उभा राहिला, तर त्या आकड्याच्या जोरावर डोअरकीपर त्याला अडवू शकत नाही. हा आकडा पालकांनी विचारात घ्यायचा, दुसऱ्या कुणी तो अमलात आणायचा नाही, असं कायद्यातच म्हटलंय.

म्हणजे सेन्सॉर मंडळ अर्धाच निर्णय देतं. उरलेला अर्धा व्हायचा तो घराघरांत : अशोक चौकात, विडी घरकुलात, जुळे सोलापुरात. सिनेमात आत्महत्या असेल तर हा अर्धा भाग फार अवघड जातो.

[दृश्य : पूर्व भाग. यंत्रमागांचा खडखडाट. दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई.]

इथं वडील मागावर, आई विड्यांच्या हजेरीच्या घाईत. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, पलीकडच्या वाड्यात कन्नड. पोरांच्या मोबाईलवर या चारही भाषांतले सिनेमे एकापाठोपाठ येत राहतात. कुणी तुकडे कापून टाकलेले, कुणी नुसता शेवट टाकलेला. त्यावर कसला कागद आणि कसला आकडा.

ओटीटीसाठी २०२१ साली नियम आले. मुलं अनुकरण करतील अशी धोकादायक वागणूक दाखवली असेल तर वरच्या वयाचा शिक्का द्या, असं ते सांगतात आणि त्यात आत्महत्या आणि स्वतःला इजा करणं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तेरा वर्षांवरच्या शिक्क्याला पालकांच्या कुलपाची सोयही सक्तीची आहे. चांगलंच आहे. फक्त कितीतरी घरांत ते कुलूप बसवून देणारा माणूस म्हणजे घरातलं तेरा वर्षांचं पोरगंच. मोबाईलमधलं त्यालाच कळतं ना!

[दृश्य : रिकामी वर्गखोली. भिंतीवर प्रोजेक्टरचा पांढरा उजेड.]

समजा, शहरातल्या एका शाळेला नववीच्या मुलांना सिनेमा दाखवायचाय. कथेत एक विद्यार्थी जीव द्यायला निघतो. दाखवावा का?

बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्यात दाखवलंय किती? रक्त आहे का, ते दृश्य आहे का? हे विचारायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली चित्रपट आणि रंगभूमीवर काम करणाऱ्यांसाठी एक पुस्तिका काढली. कृती आणि पद्धत पडद्यावर दाखवू नका, हा तिच्यातला एक ठळक सल्ला. पण एवढ्यावर थांबलं तर मोठा भाग निसटतो. कारण दुसरा प्रश्न असा आहे : या गोष्टीत मरणाला मिळतं काय?

३१ मार्च २०१७ ला नेटफ्लिक्सवर ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही अमेरिकन मालिका आली. एक शाळकरी मुलगी जीव देते आणि त्यामागची कारणं ध्वनिफितींवर सोडून जाते. नंतरच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या १० ते १७ वयोगटात आत्महत्यांचा दर २८.९ टक्क्यांनी वाढलेला दिसला, असा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. याला मालिकाच कारणीभूत, असं सिद्ध झाल्याचा दावा त्या संशोधकांनीही केला नव्हता. पुढं तीच आकडेवारी पुन्हा तपासली गेली, तेव्हा मालिकेचा परिणाम तितका स्पष्ट दिसला नाही. तेव्हा हा आकडा कुणी छातीठोकपणे फेकला, तर जरा सबुरीनं घ्यावं. जुलै २०१९ मध्ये कंपनीनं मालिकेतलं मृत्यूचं सुमारे तीन मिनिटांचं दृश्य काढून टाकलं.

दृश्य गेलं, गोष्ट तशीच राहिली. जिवंत असताना जिचं कुणी ऐकलं नाही, तिचं ती गेल्यावर सगळे कान देऊन ऐकतात. ज्यांनी छळलं ते घाबरतात, पस्तावतात. चौदा वर्षांच्या दुखावलेल्या मुलाला यात काय दिसेल? मेल्यावर तरी आपली किंमत कळेल, हेच ना? सेन्सॉरची कात्री दृश्यावर चालते, गोष्टीच्या या वळणावर चालत नाही.

[दृश्य : जुन्या सिनेमाच्या पोस्टरची भिंत.]

आपल्याकडं हे जुनंच आहे. १९७८ चा तेलुगू ‘मरो चरित्र’ आणि त्याच्यावरून १९८१ साली निघालेला हिंदी ‘एक दूजे के लिए’. शेवटी दोघं प्रेमी एकत्र जीव देतात आणि त्यांचं प्रेम अमर होतं. लोक रडत बाहेर पडतात, गाणी वर्षानुवर्षं वाजतात. अशा शेवटाला ‘किती दाखवलंय’ ही मोजपट्टी लावली तर फार काही हाती लागत नाही. सोळा वर्षांच्या पोरांच्या दृष्टीनं मला तो धोक्याचा वाटतो, कारण मरण तिथं हार घालून उभं असतं.

दिग्दर्शक म्हणतात, दाखवलं नाही तर परिणाम कसा होणार? त्यांना आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण द्यावं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ २०१६ साली आला. तिथं आत्महत्या नाही, खून आहे. पण ते मारणं पडद्यावर घडतच नाही. दिसतं ते नंतरचं. थिएटरात कुणाला ते मरण हवंहवंसं वाटलं नसणार.

उलट टोकाची गोष्टही आहे. मोझार्टच्या १७९१ च्या एका संगीतिकेत पापागेनो नावाचा पक्षी पकडणारा माणूस प्रेमात निराश होऊन जीव द्यायला निघतो. तेवढ्यात तीन मुलं येतात आणि त्याला आठवण करून देतात, अरे, तुझ्याकडं घंटा आहेत, वाजव की! तो वाजवतो आणि जगतो. २०१० साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी बातम्यांचा अभ्यास केला. संकटातून सावरलेल्या माणसांच्या बातम्या आल्या की त्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. त्या परिणामाला त्यांनी याच पापागेनोचं नाव दिलं. तेव्हा आत्महत्येचा विषय आला की सिनेमा बंद, हेही काही खरं नाही. त्याबद्दल विचारलं, बोललं की मुलाच्या डोक्यात नको ते येतं, ही भीती निराधार असल्याचं तज्ज्ञ सांगत आलेत.

[दृश्य : पुन्हा ती वर्गखोली. आता बाकं भरलेली.]

आपल्या शाळेकडं परत येऊ. बाईंच्या यादीत २०१९ चा ‘छिछोरे’ आहे. प्रवेश परीक्षेत अपयश आलेला मुलगा टोकाचं पाऊल उचलतो, वाचतो, आणि वडील त्याच्या पलंगाशी आपल्या जुन्या मित्रांना गोळा करून स्वतःच्या हरण्याच्या गोष्टी सांगतात. मरणाला इथं काही मिळत नाही, जे मिळतं ते बोलण्याला. देशात २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. निकालाच्या दिवसांत बापानं ‘मीही हरलो होतो’ म्हणणं मुलांनी पाहायलाच हवं, असं मला वाटतं.

पण वर्गातून एक हात वर येणार. त्या बापाचं काम करणारा नट, सुशांत सिंह राजपूत, जून २०२० मध्ये गेला. त्यानंतर वाहिन्यांवर महिनोन्‌महिने जे चाललं, ते जेवणाच्या ताटासमोर घरोघरी दिसलं आणि त्याला कुठल्याच वयाचा शिक्का नव्हता. बाईंकडं या प्रश्नाचं उत्तर आधीपासून तयार हवं. आजारपण, ताण आणि मदत यांबद्दल साधं, सरळ, तपशिलात न शिरणारं उत्तर. विषय टाळला तर ते उत्तर पोरं यूट्यूबवर शोधणार.

न्यूझीलंडच्या सेन्सॉरनं २०१७ मध्ये त्या अमेरिकन मालिकेसाठी एक वेगळाच शिक्का काढला : अठरा वर्षांखालच्यांनी पालक किंवा मोठं माणूस सोबत असेल तरच पाहावी. बंदी नाही, मोकाट परवानगीही नाही. आपल्या ‘यूए’चा मूळ हेतूही याच्या जवळचाच आहे. पण आपल्याकडं पालकांचं मार्गदर्शन म्हणजे तिकिटाचे पैसे देणं, इथपर्यंत गाडी येऊन थांबते.

शाळेनं असा सिनेमा दाखवायचा तर बाईंनी आधी तो शेवटपर्यंत एकटीनं पाहावा. सगळ्या तुकड्या हॉलमध्ये कोंबून दाखवू नये, एकेका वर्गाला दाखवावा. कुणाच्या घरात अशी घटना घडली असेल, कुणी स्वतःच त्या काठावर असेल, त्या मुलाला कारण न विचारता उठून जाता यावं आणि बाहेर कुणीतरी मोठं माणूस थांबलेलं असावं. नंतरचा तास गणिताचा असेल तर तो त्या दिवशी जाऊ द्यावा. शनिवारी सकाळची शाळा असताना शेवटच्या तासाला मात्र दाखवू नये. घंटा झाली की पोरं सायकली काढतात आणि जे बोलायचं ते तसंच घरी जातं.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदत-फोनचा १४४१६ हा नंबर फळ्यावर लिहायचा तो सिनेमाच्या आधी. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ही सरकारी सेवा चोवीस तास सुरू आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. नंबर उतरवून घ्या, असं सगळ्या वर्गाला एकदम सांगायचं. मग ज्याला त्याची खरी गरज आहे, त्याला एकट्यानं वही उघडावी लागत नाही.