शारदा, गाण्याशिवाय

(काळा पडदा. भात्याची धाप ऐकू येते. मग लाकडी पट्ट्यांवर वरखाली होणारे अनवाणी पाय.)

पारोळा. मे महिना, दुपारचे तीन. कूलर बंद आहे. खान्देशात मे महिन्यात आपणहून कूलर बंद करणारी माणसं फार नसतील, पण तो चालू असला की ऑर्गनचा खर्ज ऐकूच येत नाही.

घर धाब्याचं. मातीच्या हातभर जाड भिंती, वर सागवानी किलचन आणि त्यावर पुन्हा माती. या खोलीत आवाज घुमत नाही. वाजला की तिथंच संपतो, आणि चूक झाली तर झाकायला काही नसतं. माईक इथं लागत नाही. आम्हाला विचाराल तर लागूही नये.

वाजवणारे चौघं. व्हायोलिनवर ताई, त्या मुलांना शिकवतात. ऑर्गनवर काका, शाळेतून निवृत्त झालेले. तबल्यावर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. चौथे भाऊ लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. या चौघांनी ‘संगीत शारदा’ या नाटकावर वीस मिनिटांची एक रचना बांधली आहे. तिच्यात शब्द एकही नाही.

(ऑर्गनची पाठीमागची फळी निघते. आत धूळ, कोळिष्टकं, उंदरांनी कुरतडलेलं कापड.)

आधी ऑर्गनचं. हे धूड अकरा वर्षं एका माळ्यावर पडून होतं. चार माणसांनी जिन्यावरून उतरवलं, तेव्हा आतून वाळूसारखा आवाज येत होता. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, याचा भाता ती आत ओढतो. म्हणून पितळी सूर, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या जिभांचे तुकडे, दोन्हीकडे असले तरी ऑर्गनचा आवाज गोल लागतो, पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा.

काकांनी एकेक सूर बाहेर काढला, मऊ ब्रशनं पुसला, जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला. तीन मुके निघाले. एकाच्या जिभेखाली तांदळाचा दाणा अडकला होता. तो निघाला आणि कोमल गंधार बोलायला लागला. बाकीचे दोन अजून मुकेच आहेत. ते जिथं येतात तिथं काका बोट उचलतात आणि ताई व्हायोलिननं ती जागा भरतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हे ठरवूनच केलंय.

(काकांचा गुडघा. ऑर्गनखालची पट्टी बाजूला सरकते, सूर फुगतो.)

ही गुडघ्याची पट्टी लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

नाटकाबद्दल थोडं. गोविंद बल्लाळ देवलांची ‘शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आली. कांचनभट पैशांसाठी आपली लहान मुलगी श्रीमंत म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो आणि भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. ‘पाऊणशे वयमान’ ही थट्टा तिथलीच. पुढे १९२९ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा झाला. त्याला लोक शारदा कायदा म्हणू लागले, आणि तो या शारदेवरून आलाय अशी आपल्याकडे कित्येकांची समजूत. नाव खरं तर हरबिलास सारडांचं. पण नाटकानं इतकी जागा अडवली होती की गैरसमजही शोभून दिसला.

खान्देशाचा या परंपरेशी धागा आहे. शारदेची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचं लहानपणीचं काही शिक्षण जळगावात झालं. गाण्याचे पहिले धडे त्यांनी तिथंच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. आज जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि नाट्यपदांना गर्दीही होते. तिथं पद येतं, टाळी येते, वन्स मोअर येतो. नाटक येत नाही.

ताईंचा हट्ट तिथूनच सुरू झाला. पद घ्यायचंच नाही, प्रवेश घ्यायचा.

(ताईंच्या मोबाईलवर मेट्रोनोम. आकडा ठळक: ७५.)

अमेरिकेत फिलिप ग्लास यांनी सॅम्युअल बेकेट यांच्या एका गद्यलेखनाच्या रंगमंचीय प्रयोगासाठी संगीत लिहिलं. १९८३ च्या सुमारास तेच चार छोट्या भागांची स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, म्हणून स्वतंत्रपणे वाजू लागलं. ताईंनी ते मोबाईलवर ऐकलं, आणि चौघांत नाटक मावतं एवढी खात्री पटली. तसं पाहिलं तर आपल्याकडे ते आधीपासून मावत होतंच. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते, सारंगीला कादरबक्ष. मोजकेच साजिंदे, आणि अख्खी रात्र.

पहिला भाग सौद्याचा. लय मिनिटाला ७५ मात्रांची, म्हाताऱ्याच्या वयाइतकी. हा ताईंचा खट्याळपणा. व्हायोलिन एक रक्कम सांगतं, ऑर्गन घासाघीस करतो. उन्हानं तबल्याचा सूर सारखा चढतो, म्हणून पोरगा दर दहा मिनिटांनी हातोडीनं कडेचे लाकडी गठ्ठे वर ठोकतो. तो टकटक आवाजही त्यांनी सौद्यात ठेवून दिला.

दुसऱ्या भागात शारदा एकटी आहे. ‘मूर्तिमंत भीती’ची चाल सगळ्यांना पाठ, म्हणून ती वाजवायची नाही. फक्त खर्ज, आणि गुडघ्याची ती पट्टी. भीती हळूहळू खोलीभर होते.

(इथे निवेदन नाही. भात्यावर राहा. वीस सेकंद.)

तिसरा भाग लग्नाचा, म्हणजे क्लॅरोनेटचा. भाऊ बाकीचं कानानं शिकले, पण इथं त्यांना शिकवावं लागलं नाही. वरातीतला सूर, तोच ठसका. ताईंनी लिहिलेली ओळ त्यांनी एकदा वाजवली आणि मान हलवली. “ताई, आठे दम लेवाले जागाच नही.” ताई म्हणाल्या, “म्हणूनच लिहिलीय.” नाटकात हे लग्न मोडतं ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. वयावरून नाही. त्या जागी चौघंही हात काढून घेतात आणि भाता तेवढा चालू राहतो.

भाऊ पंचवीस वर्षं वराती वाजवतायत. नवरी किती वर्षांची, हे आपण कधी विचारलं नाही, असं ते चहा घेताना सहज बोलून गेले.

(ओसरी. सतरंजी, पाण्याचा माठ, भिंतीला टेकून बसलेल्या बाया.)

पहिला प्रयोग याच ओसरीवर झाला. चाळीसेक माणसं होती. दुसरा अमळनेरला.

(पहाट. छोट्या टेम्पोत ऑर्गन, वर गोधडी, दोरी.)

ऑर्गन काकांच्या घरी गेला. क्लॅरोनेट भाऊंच्या खांद्याला. नऊ वाजता चोपड्याला वरात आहे.