पन्नी, पवनी आणि समुद्र

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरच्या माणसाला समुद्र दिसतो तो मुंबईला गेल्यावर, भेळ खाताना. एरवी तो आपल्याला आठवतही नाही. पण आपला पाऊस तिकडूनच येतो. जुलैत हवामानाची बातमी ऐकता ना? बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा, विदर्भात मुसळधार पावसाचा इशारा. तोच तो उपसागर. आणि समुद्र तापतोय. माणसानं सोडलेल्या वायूंमुळे जी जास्तीची उष्णता पृथ्वीवर कोंडली गेली, तिच्यातली 90 टक्क्यांहून अधिक एकट्या समुद्रानं पोटात घेतली आहे. परत सांगतो, 90 टक्क्यांहून अधिक.

आज बोलायचंय ते समुद्रावरच्या माहितीपटांबद्दल. हे चित्रपट बघून माणूस काही करतो का, की नुसतं ‘अरेरे’ म्हणून जेवायला बसतो?

प्रकार तसा जुना आहे. फ्रान्सचा समुद्रसंशोधक झाक कूस्तो, त्याचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ 1956 साली कान चित्रपट महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन गेला. त्यात कूस्तोच्याच माणसांनी मासे मोजण्यासाठी प्रवाळाच्या खडकात सुरुंग लावलाय, शार्क मारलेत, आणि ते सगळं बिनदिक्कत पडद्यावर दाखवलंय. हाच कूस्तो पुढं समुद्र वाचवा म्हणून जगभर सांगत फिरला. म्हणजे बनवणाऱ्यालाही शिकायला वेळ लागतो. हल्लीच्या चित्रपटांत सुरुंग नसतो, पण पार्श्वसंगीत असतं. कासव अंडी घालतंय बिचारं, आणि मागं पन्नास व्हायोलिनं! मला विचाराल तर अर्धे माहितीपट आवाज बंद करून बघावेत. असो.

आपल्या देशातलं उदाहरण घेऊ. गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या बाजूला, व्हेल शार्क येतो. जगातला सगळ्यात मोठा मासा. अंगावर पांढरे ठिपके, स्वभावानं गरीब, पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा. तिथले मच्छीमार त्याला ‘बॅरल’ म्हणत, कारण आकडा रुतवला की त्याला रिकामी पिंपं बांधायची, म्हणजे तो बुडी मारू शकत नाही, दमतो आणि हाती लागतो. त्याच्या यकृताचं तेल होड्यांना लावायचं, मांस परदेशी पाठवायचं. माहितीपटकार माइक पांडे यांनी हे चित्रित केलं. 2000 साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ आला आणि 2001 मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत गेला. वाघाच्या पंगतीला मासा बसला.

पण कायदा झाला म्हणून अडकलेला मासा सोडायला स्वतःचं जाळं कोण कापणार? मन वळवायचं ते काम रामकथाकार मोरारीबापूंनी केलं. त्यांनी मच्छीमारांना सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तिचं नावच पडलं ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. पुढं वन खात्यानं कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊ केली, आणि ज्यांनी पिंपं बांधली त्याच लोकांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. चित्रपट, कायदा, भरपाई आणि नातं. चारही लागलं.

आता माझी गोष्ट. ही मी जिथं जातो तिथं सांगतो, घरचे वैतागलेत, तुम्ही ऐकून घ्या.

आमच्या वस्तीच्या गणेश मंडळाच्या पोरांनी एका वर्षी ठरवलं की एका संध्याकाळी समुद्रावरचा चित्रपट दाखवायचा. डीजेचे पैसे वाचले, त्याबद्दल बाप्पांचेच आभार. मंडपात पांढरी चादर ताणली, भाड्यानं प्रोजेक्टर आणला. आमची वस्ती नाग नदीला लागून. आता तिला नदी कोण म्हणतं, पावसाळ्यात घरात शिरली की तेवढं म्हणतात. तर पडद्यावर निळंशार पाणी आणि पडद्यामागून नाल्याचा वास, असा तो कार्यक्रम.

चित्रपटात कासवाच्या पोटातून प्लास्टिक निघालं. बायका हळहळल्या. एक आजी म्हणाल्या, “काहून खाते व ते?” सगळ्यात मागं आमचे पानठेलेवाले काका बसलेले. हात चालूच. खर्रा कसा घोटतात ते तुम्हाला ठाऊक आहे: सुपारी, तंबाखू, चुना, आणि जाडसर प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळव्यानं खसाखसा. ती पन्नी मग गिऱ्हाईकासोबत जाते, खर्रा संपला की खाली. दिवे लागले तेव्हा खुर्च्यांखाली अशा पन्न्या पडलेल्याच होत्या. (खर्रा खाऊ नका, हे मी आकाशवाणीवर आहे म्हणून नाही सांगत, खर्र्यानं तोंड उघडेनासं झालेली माणसं घरात पाहिलीत म्हणून सांगतो.)

तर दिवे लागले, लोक उठायला लागले. आठवीतली एक पोरगी उभी राहिली आणि विचारलं, “आपली नाग नदी कुठं जाते?”

मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, “पुढं जाते.”

तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका उठले. त्यांना कधी कुणी काही विचारत नाही, त्यामुळे ते तयारच होते. बोटांवर मोजत म्हणाले, “नाग कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात.”

मागून पानठेलेवाले काका ओरडले, “म्हणजे माह्यी पन्नी राजमहेंद्रीले जाते का भाऊ?” मंडप हसला.

पाटबंधारेवाले हसले नाहीत. म्हणाले, “सगळी नाही जात. वाटेत गोसीखुर्दचं धरण आहे ना. नाग नदीची घाण पहिली तिथं साचते. पवनीच्या बाजूला.”

पानठेलेवाल्यांचा हात थांबला. “पवनी?” ते म्हणाले. “पवनी तर माह्यी सासुरवाडी हाय!”

आता मंडपात जे हसू फुटलं ते आवरेना. काकू बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडं जे पाहिलं, तसं एकाही माहितीपटात मी पाहिलेलं नाही. त्यांचा भाऊ पवनीला वैनगंगेत मासे धरतो. जाळ्यात मासा कमी, कचरा जास्त, ही त्याची तक्रार त्या दर राखीला ऐकत होत्या. आपल्याच ठेल्याचा माल तिथं पोचत असेल, हे त्यांना त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवसापासून ठेल्यावर पाटी लागली: डबी आणा, एक रुपया कमी. खडूनं लिहिलेली, अक्षर काकूंचं. काहींनी कुरकुर केली, डबीत खर्रा वाळतो म्हणे. काहीजण सरळ पलीकडच्या ठेल्यावर गेले. सगळं बदललं असं मी म्हणणार नाही, नाग नदी आजही तशीच आहे आणि तिचं खरं दुखणं पन्नी नाही, सांडपाणी आहे. ते काम महानगरपालिकेचं, आणि त्यासाठी नगरसेवकाला धरावं लागतं, डबीनं ते होत नाही. पण ठेल्यासमोरची नाली त्या वर्षी तुंबली नाही.

म्हणून गणपती तोंडावर आलेत तर मंडळांना एवढंच सांगणं आहे. चित्रपट जरूर दाखवा, पण पाऊण तासापेक्षा मोठा नको, लहान मुलं झोपतात. नंतर दिवे लावून प्रश्नांना वेळ ठेवा. परत सांगतो, प्रश्नांना वेळ ठेवा, आरती थोडी उशिरा झाली तर बाप्पा रागावत नाहीत. गोदावरी खोऱ्याचा एक मोठा नकाशा टांगा, शाळेच्या भूगोलाच्या कपाटात तो मिळतो. आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला एखादा माणूस दर दोन गल्ल्यांमागं असतोच. त्याला शोधा आणि पहिल्या रांगेत बसवा.

नमस्कार.