रात्रपाळीचे रणगाडे

(दृश्य: रिकामा महामार्ग. फक्त वाऱ्याचा आवाज.)

6 ऑक्टोबर 1973. शनिवार. इस्रायलमध्ये आज योम किप्पूर, ज्यूंचा कडक उपवासाचा दिवस. दुकानं बंद, रेडिओ बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुपारी दोनच्या सुमाराला दक्षिणेकडून इजिप्त आणि उत्तरेकडून सीरिया एकदमच तुटून पडले.

राखीव सैनिकांना बोलावणी गेली. माणसं एक तर घरात, नाहीतर प्रार्थनेला. शोधत फिरावं लागलं नाही. रस्तेही मोकळे. शत्रूने मुद्दाम साधलेला मुहूर्त तेवढ्यापुरता इस्रायलच्याच पथ्यावर पडला.

(दृश्य: गोलानचं पठार, काळे दगड, जळके सांगाडे.)

गोलानच्या पठारावर सीरियाचे सुमारे 1400 रणगाडे. समोर इस्रायलचे जेमतेम 180. या लढाईतल्या शूरांच्या कथा पुष्कळ सांगितल्या गेल्या आहेत. आपण जाणार आहोत त्यांच्या मागे, जिथे अंधारात घण वाजत होते.

रणगाड्याचा पट्टा तुटला की तोफ शाबूत, इंजिन शाबूत, तरी पन्नास टनांचं धूड जागेवर बसतं. मग दुसऱ्या गाडीने टोचन करून ते मागे आणायचं. तुटलेल्या कड्या काढायच्या, नव्या घालायच्या, घणाने पिन ठोकायची. इंजिन गेलं असेल तर क्रेन लावून अख्खंच उचलायचं आणि दुसरं बसवायचं. सुटा भाग मिळाला नाही तर शेजारच्या, कायमच्या मेलेल्या रणगाड्याचा काढायचा. कित्येकदा आतलं रक्त आधी धुवावं लागे आणि मगच पाना हातात घेता येई.

हे करणारे काही कायम सैन्यातले होते, बरेच राखीव दलातले. आठवड्याभरापूर्वी यातला कुणी गॅरेजमध्ये ट्रकखाली आडवा झालेला असणार. अशा माणसाला वर्षातून काही आठवडेच गणवेश चढवून शिकवता येतं. तेवढ्यात शिकवणार किती?

त्यावरचा एक उपाय वर्गात नव्हताच, तो यंत्रात होता. इस्रायलने ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियनचं पेट्रोल इंजिन काढून अमेरिकी डिझेल इंजिन बसवायला घेतलं होतं. अमेरिकी पॅटन रणगाडे सुधारले, त्यांनाही त्याच जातीचं इंजिन. गिअरबॉक्सही त्याच कुळातला. म्हणजे एका इंजिनावर हात बसला की दोन वेगळ्या रणगाड्यांचा मेकॅनिक तयार. माझ्या मते अख्ख्या व्यवस्थेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच.

(दृश्य: सेंच्युरियन, जवळून.)

हा सेंच्युरियन आपल्यालाही परका नाही. 1965 च्या युद्धात पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर याच रणगाड्यातून लढले. नगरच्या रणगाडा संग्रहालयात तो आजही पाहता येतो. जवळ उभं राहून पट्ट्याची एक कडी नीट बघा, म्हणजे घण मारणाऱ्याच्या खांद्यांची कल्पना येईल.

पण सगळंच आलबेल नव्हतं. राखीव तुकड्यांची कोठारं उघडली तेव्हा कुठे मशीनगन नाहीत, कुठे दुर्बिणी नाहीत. तोफेची नळी आणि नेम धरायची दुर्बीण यांचा मेळ बसवण्याइतकीही सवड न मिळता रणगाडे निघाले. वाहून नेणाऱ्या ट्रेलरांची वानवा, म्हणून स्वतःच्याच पट्ट्यांवर डोंगर चढले. शांततेच्या काळात कोठारात केलेली हयगय पहिल्या दोन दिवसांत अशी वसूल झाली.

(दृश्य: पहाट, धूर.)

9 ऑक्टोबर. चौथा दिवस. उत्तरेकडच्या खोऱ्यात इस्रायलच्या सातव्या ब्रिगेडजवळ मोजकेच रणगाडे उरले होते, दारूगोळा संपत आला होता.

योसी बेन-हनान हा अधिकारी नेपाळमध्ये मधुचंद्राला गेला होता. युद्धाची बातमी कळताच तो परत निघाला. पोहोचल्यावर त्याने दुरुस्त होऊन उभे असलेले डझनभर रणगाडे गोळा केले. सोबत श्मुएल अस्कारोव, पहिल्याच दिवशी जखमी झालेला आणि इस्पितळातून उठून आलेला. रणगाड्यांत बसवलेली माणसं निरनिराळ्या मोडलेल्या तुकड्यांतली. ठिगळं लावलेला हा ताफा नेमक्या घटकेला खोऱ्यात पोहोचला आणि थोड्याच वेळात सीरियन फौज मागे वळू लागली.

पठार इस्रायलच्या हाती राहिलं, म्हणून आपले मोडके रणगाडे ओढून आणता आले. सीरियाला तेही जमलं नाही; त्यांचे आठशेंहून अधिक रणगाडे तिथेच पडून राहिले.

त्यांतले दुरुस्त होण्याजोगे पुढे इस्रायली कार्यशाळांमध्ये आले. अनेकांवरची सोव्हिएत तोफ उतरवून 105 मिलिमीटरची तोफ चढवली गेली. रणगाड्यांना नवं नाव मिळालं, तिरान. आणि मेकॅनिकांना शिकायला आणखी एक इंजिन.