इराण्याच्या खुर्चीला सांधे किती?

नमस्कार. मुंबईत 'अँटिक फर्निचर' म्हटलं की डोळ्यांपुढे शिसवाचं कोरीव काम येतं. पाठीवर वेलबुट्टी, हातांवर सिंहाची तोंडं, पायांना पंजे. धूळ काढायची तर रंगाचा ब्रश घेऊन बसावं लागतं. आजचा विषय अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. मुंबईतली जुनी इराणी हॉटेलं आठवा: धोबी तलावचं १९०४ सालचं कयानी घ्या, किंवा बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ सालचं ब्रिटानिया. एकीकडे बनमस्का खाताना, दुसरीकडे बेरी पुलावाची वाट बघताना आपण ज्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांवर बसतो, त्यांचं घराणं एकोणिसाव्या शतकातल्या व्हिएन्नाचं आहे.

१८१५ ते १८४८ या काळात तिकडे फर्निचरची एक साधी शैली रुजली. नेपोलियनच्या लढायांनी तिजोऱ्या रिकाम्या केल्या होत्या आणि दरबारी 'एम्पायर' शैलीचा सोनेरी थाट मध्यमवर्गाच्या घरात मावणारा नव्हता. सुतारांनी ठेवण बरीचशी तीच ठेवली, पण धातूचा साज उतरवला. आत पाइनचा स्वस्त सांगाडा, वर चेरी, अक्रोड, बर्च अशा तिथल्याच लाकडाचं व्हिनियर म्हणजे पातळ पापुद्रा, मोठे सपाट भाग, आणि सजावट म्हणून लाकडाच्या स्वतःच्याच रेषा. फार तर एखादी काळी पट्टी. शैलीला 'बीडरमायर' हे नाव नंतर पडलं, तेही विनोदी कवितांतल्या एका भोळ्या पात्रावरून. चेष्टेनं दिलेलं नाव चिकटलं ते कायमचं.

ऱ्हाइनकाठच्या बोपार्डचा सुतार मिखाएल थोनेट (१७९६–१८७१) याच शैलीत काम करत होता. या खुर्च्यांची पाठ वळणदार. वळण फळीतून कापून काढलं तर बरंचसं लाकूड वाया जातं, आणि वळणापाशी तंतू तिरपे कापले गेल्यानं खुर्ची नेमकी तिथेच मोडते. म्हणून १८३०च्या दशकात त्यानं लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम सरसात भिजवून, एकावर एक ठेवून साच्यात वाकवायला सुरुवात केली. १८४१ मध्ये ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निखनं ते काम पाहिलं आणि पुढच्या वर्षी थोनेट व्हिएन्नाला गेला. पण सरस ओलीत सैल पडतो. लांबच्या दमट मुलखात गेलेल्या मालाच्या पट्ट्या सुटू लागल्या. मुंबईत एक जुलै काढलेल्या माणसाला याचं नवल वाटायला नको. आता अख्खा, भरीव दांडा वाकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

इथे जरा थांबू या, कारण सगळी करामत इथेच आहे. दांडा वाकवला की आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. वाफवलेलं बीच (युरोपातलं एक कठीण लाकूड) दाबलं तर पाव हिश्शापर्यंत आखडू शकतं, पण ताणलं तर शेकडा एक-दोनच्या पुढे जात नाही, फाटतं. म्हणून वाकवताना बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी बसवायची आणि दांड्याची दोन्ही टोकं तिच्यात घट्ट अडकवायची. पट्टी लांब होत नाही, त्यामुळे बाहेरच्या तंतूंनाही ताणायला वाव राहत नाही. सगळा फरक आतल्या बाजूला, दाबानं भरून निघतो. काम घाईचं असतं. वाफेच्या पेटीतून काढलेला दांडा गरम आहे तोवरच लोखंडी साच्यावर चढवायचा, आणि साच्यातच भट्टीत पूर्ण वाळू द्यायचा. आधी सोडला तर तो परत उलगडतो. १८५६ मध्ये थोनेटला या पद्धतीचे हक्क मिळाले, आणि कारखाना गेला मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) कोरित्शानला, बीचच्या जंगलाला खेटून.

१८५९ मध्ये तिथून निघाली ती १४ नंबरची खुर्ची. लाकडाचे भाग सहाच: मागचे दोन पाय आणि पाठ मिळून एक अखंड कमान, तिच्या आत दुसरी छोटी कमान, बैठकीचं कडं, पुढचे दोन पाय, आणि पायांना बांधून ठेवणारं खालचं कडं. जोडायला १० स्क्रू आणि २ नट. साध्या खुर्चीतही सुताराला एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवणारे चांगले डझनभर सांधे करावे लागतात, इथे जवळपास सगळं स्क्रूवरच भागतं. माझ्या मते या खुर्चीचा साधेपणा तिथे आहे. नक्षी नसणं हा त्याचा परिणाम. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटर पेटीत मावत, म्हणून ती जगभर गेली. १९३० पर्यंत या एका नमुन्याच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या खपल्या होत्या.

आता ओळखायची कशी. चोर बाजारात खुर्ची आवडली तर आधी उलटी करा. कड्याच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्या कंपनीचा ठसा किंवा कागदी चिठ्ठी असते: थोनेट, कोन, मुंडुस. कागद कसरीनं खाल्लेला असतो, ठसा पॉलिशच्या थरांखाली दबलेला, म्हणून बोट फिरवून बघा. 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिलेलं असेल तर माल १९१८ नंतरचा, कारण त्याआधी तो देशच नव्हता. ठसा नसेल तर रेषा बघा. खऱ्या वाकवलेल्या दांड्यात त्या वळणाबरोबर वळत जातात. वळणावर रेषा काठाबाहेर पळाल्या, किंवा (कड्याची दोन टोकं जुळतात तो तिरपा जोड सोडून) मध्येच जोड दिसला, तर ते फळीतून कापलेलं आहे.

दुखणी ठरलेली आहेत. खुर्ची डुलायला लागली की आपण खिळा ठोकतो किंवा फेविकॉल ओततो. दोन्ही चूक. खिळ्यानं कडं तंतूंच्या रेषेत चिरतं, आणि फेविकॉल भरलं की पुढच्या वेळी काहीही न तोडता सुटं करता येत नाही. ही खुर्ची सुटी होण्यासाठीच बनली आहे. आधी नट आवळा. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर साफ करून त्यात कठीण लाकडाची खुंटी सरस लावून बसवा, वाळल्यावर नवं, बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू लावा. कड्याचा तिरपा जोड पावसाळ्यात उघडतो. जुना सरस गरम पाण्यानं सुटतो. तो पुसून, वाळवून, नवीन लावा आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून दिवसभर ठेवा. गोल कड्यावर शिकंजा धरत नाही, ट्यूब धरते. खुर्चीखाली पिवळसर पीठ पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. बीच त्याला फार आवडतं. औषध वरून फासून उपयोग नाही, सिरिंजनं भोकाभोकात सोडावं लागतं.

वेताच्या जाळीबद्दल एक. कड्याला भोवती भोकं असतील तर जाळी हातानं विणलेली, खाच असेल तर तयार जाळी दाबून बसवलेली. विणणाऱ्याला काम देण्याआधी हे सांगा, दोन्हींचा भाव वेगळा. एसीच्या खोलीत वेत कोरडा पडून कडकडीत होतो आणि मग तुटतो. जाळी नुसती सैल झाली असेल तर खुर्ची उलटी करा, गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं खालच्या बाजूनं अर्धा तास ठेवा. वरची बाजू गुळगुळीत असते, ती पाणी घेत नाही. मग सावलीत रात्रभर वाळू द्या. वाळताना वेत आखडतो आणि जाळी ताणली जाते. पण एकही पट्टी तुटलेली असेल तर हा उपाय करू नका. ताण बाजूच्या पट्ट्यांवर येतो आणि सकाळी भोक दुप्पट झालेलं दिसतं.